सात ते साडेसात

हिची सकाळची गोळी सातची. लेव्होडोपा, म्हणजे कंपवातावरचं (पार्किन्सनवरचं) औषध, पोटात गेल्यावर कामाला लागायला अर्धा-पाऊण तास घेते. तोवर ही अंथरुणात लाकडासारखी. कूस बदलायची तरी माझा हात लागतो. दूध-अंडं असलं काही गोळीच्या आसपास पोटात गेलं की गोळीचा गुण कमी येतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी बजावलंय, त्यामुळे नाश्ताही नंतर. अकरा, तीन आणि संध्याकाळच्या सातच्या गोळीलाही अशीच वाट बघायची असते, पण तेव्हा कुकर असतो, दारावर कोणीतरी असतं. सकाळी सात ते साडेसात मात्र आमच्या घरात करण्यासारखं काहीच नसतं. कंपवाताला आता नऊ वर्षं झाली. त्यातली सात वर्षं हा अर्धा तास मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढला. आज उठेल का, पडेल का, बाथरूमच्या दारात पाय चिकटतील का.

आता मी तानपुरा लावतो.

ऐकायला भारदस्त वाटतं. मला गाणं येत नाही. मी बँकेत कॅशियर होतो. वाजवून फक्त नाणी बघितलेली. तानपुरा हिचा, लग्नाच्या आधीपासूनचा, आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीतच बनलेला. ही बारा वर्षं गाणं शिकली. हात थरथरायला लागला तसा हिने तो गवसणी घालून कपाटाशेजारी उभा करून ठेवला. दिवाळीच्या साफसफाईत मी त्याच्यावरची धूळ पुसायचो, तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून बसायची.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मध्यरात्री गवसणीच्या आतच तार तुटली. दोघंही दचकून जागे. सकाळी मी वाद्य रिक्षात घालून गल्लीत नेलं. कारागिरानं भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि विचारलं, "काका, घरी कोण वाजवतं?" म्हटलं, कोणी नाही. "मग रोज निदान लावत तरी जावा. पडून राहिलं की वाद्य रुसतं." आणि अर्धा तास बसवून शिकवलं.

तारा चार. पहिली पंचमाची, म्हणजे 'प'ची, मधल्या दोन जोडीच्या, 'सा'च्या, शेवटची पितळी खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. आधी खुंटी पिळायची. ती सरकली तर थोडा खडू लावायचा. सूर जवळपास आला की खुंटी सोडायची आणि खाली घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्या, पलीकडचा मणी केसभर सरकवायचा. शेवटी जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा असतो, तो नखानं पुढे-मागे करायचा. एका ठिकाणी तार मुकी, जरा पुढे पत्र्यासारखी, आणि मधेच कुठेतरी अशी जागा सापडते की तार एकदम उघडते, भुंग्यासारखी घुमायला लागते. ती जागा किती मोठी? तांदळाच्या दाण्याएवढीही नाही. काल सापडली म्हणून आज तिथेच सापडेल असंही नाही.

ती जागा शोधताना दुसरं काही शोधता येत नाही. गोळ्यांचा हिशोब डोक्यात येत नाही, बाईनं उद्या दांडी मारली तर काय, हेही नाही. पहिल्यांदा नीट जुळलं त्या दिवशी मी तानपुऱ्यावर गाल टेकवून रडलो. भोपळा थरथरत होता. घरातली ही एकच थरथर अशी होती जिचं मला काही करायचं नव्हतं.

मिरजेला २०२४ मध्ये सतार आणि तानपुऱ्यासाठी भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात आलं तेव्हा मी छाती फुगवून शेजाऱ्यांना सांगत सुटलो. हत्यारांना धार लावणारे शिकलगार इथे सतारी करायला लागले, भोपळे सोलापूर जिल्ह्यातून येतात, वगैरे. उभा जन्म इथे काढून हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं, ते वेगळं.

मुलगा बंगळुरूहून विचारतो, "बाबा, त्या सुरांनी आईला बरं वाटतं ना?" मी हो म्हणतो. थापच आहे. पुण्यात हृषीकेश पवार कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवतात, ठेक्यावर पाय सुटतात, हे मला माहीत आहे. आम्हीही दारात हिचे पाय अडले की "एक-दोन, एक-दोन" म्हणतो, त्या बघून पाऊल उचलावं म्हणून उंबऱ्याअलीकडे लाल चिकटपट्ट्या लावल्यात. ते तिचं. पण रुग्णाच्या चपला आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचं काय? हा तानपुरा तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. तिच्याच खोलीत, तिचंच वाद्य, आणि माझ्यासाठी. लिहितानाही चोरी केल्यासारखं वाटतंय.

मागे एकदा पलंगावरून आवाज आला. आजारानं तिचा आवाज इतका बारीक झालाय की आधी मला भासच वाटला.

"अहो, पंचम उतरलाय."

लोकांना वाटेल मला गहिवरून आलं असेल. मला राग आला. दिवसाचे साडेतेवीस तास तुझे आहेत, हा अर्धा तरी सोड, असं अगदी जिभेवर आलं. गिळलं. पंचम खरंच उतरला होता.

तेव्हापासून ती अधूनमधून बोलते. मी कधी ऐकतो, कधी न ऐकल्यासारखं करतो. गेल्या मंगळवारी म्हणाली, "आज पहिली तार मध्यमात लावा." मला कुठला मध्यम माहीत? पंचमावरून खाली, किती खाली? मान खाली घालून खुंटी सोडत-आवळत बसलो. किती वेळ गेला कळलं नाही. वर बघितलं तर पलंग रिकामा. ही दाराच्या चौकटीला धरून उभी. गोळी चढली होती, एकटीच उठून चालत गेली होती.

मी ओरडलोच. पडली असतीस तर? हाक मारायला काय झालं होतं?

"तुमचं चाललं होतं ना," ती म्हणाली. "आणि अजून मध्यम लागलेला नाही."