मामाला काळा दिसलेला फोटो

रविवार, रात्री

फ्लेमिंगोंचा फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून मामा म्हणाला, "अंडर गेलाय गं, उजेड कमी पडलाय. एक स्टॉप तरी वाढव." एवढंच. मी मान हलवली आणि काहीही न वाढवता पुढचे फोटो काढत राहिले. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

नवी मुंबईत टी. एस. चाणक्य या नौकानयन शिक्षणसंस्थेच्या मागे, खाडीला ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडत होता. ऊन असं की हाताचा आडोसा करूनही स्क्रीनमध्ये स्वतःचंच तोंड दिसावं. अशा उन्हात कुठलाही फोटो काळाच दिसतो. बाहुली आक्रसलेली असते, आणि सूर्यापुढे त्या स्क्रीनचा उजेड तो केवढा! मला हे ठाऊक होतं. हिस्टोग्रामही समोर होता, म्हणजे फोटोतला काळोख डावीकडे आणि उजेड उजवीकडे मांडणारा आलेख. डावीकडे चिखलाचा ढीग, उजवीकडे पिसांची बारीक शेपटी, कडेच्या जरा अलीकडे थांबलेली. लाल रंगाचा आलेख तर कडेला जवळजवळ भिडलेला. फ्लेमिंगोच्या गुलाबीत आधी लाल भरतो, आणि तो भरून सांडला की पिसं पिसं राहत नाहीत, नुसता सपाट डाग उरतो. चौकटभर काळा चिखल असला की कॅमेऱ्याचं मीटर त्याला करडा करायला बघतं, म्हणून मी मुद्दाम उणे एकवर होते, म्हणजे मीटर सांगतं त्याहून एक स्टॉप कमी. मामाचा एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. पक्षी हातचे गेले असते.

मग एवढं का लागावं?

त्याने म्हटल्याबरोबर मलाही तो फोटो काळाच दिसायला लागला, म्हणून असेल. आत्ता दिवा घालवून तीच फ्रेम त्याच स्क्रीनवर बघतेय, तर डोळे दिपतात, ओव्हर गेल्यासारखी वाटते. फाइल तीच. दुपारचा डोळा वेगळा, रात्रीचा वेगळा. इतकी वर्षं कॅमेरा घेऊन फिरायचं आणि स्वतःच्या नजरेवर एक फोटो सोडता येऊ नये? बरं, तो आलेख तरी पक्का म्हणावा, तर तोही रॉचा, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलचा, नसतो, कॅमेरा आतल्या आत जो जेपेग बनवतो त्याचा असतो. रॉमध्ये त्यापलीकडेही थोडं उरलेलं असतं. म्हणजे धरायचं तरी कशाला? मघाशी फक्त रडू यायचं बाकी होतं.

आणि मामाचे डोळे. डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला एका डोळ्याने पांढरं निळसर दिसतं, दुसऱ्याने पिवळट. त्यावर तो फारसा बोलत नाही. जाऊ दे.

मी त्याचं ऐकलं नाही, हे खुपतंय. बरोबर कोण होतं तो भाग वेगळा. ज्याने मला ॲपर्चर शिकवलं, त्याच्याकडे न बघता मी आलेखाकडे बघितलं, आणि तेही त्याच्या देखत.

पण स्लाइड फिल्मच्या दिवसांत मामाने तरी कधी डोळ्यावर सोडलं होतं? अर्धा स्टॉप जास्त झाला की स्लाइडमधलं पांढरं गेलंच, आणि ते कळायचं लॅबमधून आल्यावर. गळ्यात कायम लाइट मीटर. तळहातावर मोजायचा आणि एक स्टॉप वाढवायचा, कारण मीटर ज्याला मधला मानतं त्या १८ टक्के करड्याहून तळहात साधारण तेवढाच उजळ असतो. डोळा कुठल्याही उजेडाला सरावतो, मीटर सरावत नाही, हे मला त्यानेच सांगितलंय. म्हणजे आज मी ऐकलं ते त्याचंच, फक्त जुनं. हे सुचलं तेव्हा जरा हलकं वाटलं. खुपायचं मात्र थांबलेलं नाही. ते राहील थोडं, राहू दे.

स्क्रीनचा ब्राइटनेस ऑटोवरून काढून मधल्या खुणेवर ठेवलाय. पुढच्या वेळी मामाला मागची स्क्रीन दाखवायचीच नाही, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढलेला फोटो तिथेच बघायला सांगणार. आत ऊन शिरत नाही, आणि तिन्ही रंगांचे आलेखही तिथेच दिसतात. चष्म्याशिवाय बघेल तो, तेव्हा आधी डायॉप्टरचं चाक फिरवून त्याच्या डोळ्याला जुळवावं लागेल. कुठल्या डोळ्याने बघतोस, हेही त्यालाच विचारावं लागेल.