नटावर खूण नव्हती

माझं गॅरेज नाशिकला अंबड लिंक रोडला आहे, अकरा वर्षं झाली. सकाळी शटर उघडायच्या आधीच सर गाडी लावून उभे. दिंडोरीकडच्या एका शाळेत शिकवतात, गाडी 2017 ची छोटी हॅचबॅक, सगळी कामं माझ्याकडेच. म्हणाले, "स्टिअरिंग जरा खुळखुळतंय हो, बाकी काही नाही." हे "बाकी काही नाही" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण लोकांना एसी दोन डिग्री कमी गार झाला तर रात्री अकराला फोन करायचं सुचतं आणि स्टिअरिंग हलतंय ते मात्र पंधरा दिवस चालवून घेतात.

त्यात परवाच ते घरच्यांना घेऊन वणीला गडावर ओटी भरायला जाऊन आले होते. नांदुरीपासून वर सगळा घाट. वर जाताना टक टक यायला लागलं म्हणे, खाली उतरताना जास्त. येताना एका अलाइनमेंटवाल्याला दाखवलं तर तो गाडीत न बसताच म्हणाला की रॅक (स्टिअरिंग फिरवलं की टायर वळवणारी दात्यांची पट्टी) गेला, नवीन टाकावा लागेल. हा एक वेगळाच त्रास आहे, स्टिअरिंगची कुठलीही तक्रार असो, रॅक गेला. म्हणजे डोकं दुखलं की थेट मेंदूचं ऑपरेशन!

मी बसलो, स्टिअरिंगचं चाक धरलं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्टिअरिंग सैल म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. डावीकडे-उजवीकडे फिरवताना थोडं रिकामं फिरतं आणि टायर हलतच नाही, तो प्ले. तो टाय रॉड एन्ड, रॅकचं बुश, खालचा क्रॉस यापैकी कुठेही असू शकतो. पण चाक आपल्याकडे ओढलं की पुढे येतं, वर-खाली दाबलं की डुलतं, तर खाली गाडीखाली झोपायची गरज नाही, भानगड वरच आहे. एकतर कॉलम (चाकाखालचा खांब) सैल, नाहीतर चाक शाफ्टवर (खांबातून जाणाऱ्या दांड्यावर) सैल. चाक वर-खाली करायचा टिल्टचा खटका बघितला, घट्ट होता, कॉलम धरून हलवला, जागचा हलला नाही. चाक मात्र माझ्या हातात अर्धा बोट पुढे-मागे होत होतं. सरांना म्हटलं रॅक ठणठणीत आहे, पैसे वाचले तुमचे. लय रुबाबात म्हटलं.

चाकावर नवीन कव्हर होतं, जाड, शिवलेलं. दोन महिन्यांपूर्वी, जुलैमध्ये, याच गाडीची क्लॉक स्प्रिंग (चाक फिरलं तरी हॉर्न आणि एअरबॅगच्या वायरी जोडलेल्या ठेवणारा भाग) मी बदलली होती, हॉर्न वाजत नव्हता आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला राहत होता. तेव्हा हे कव्हर नव्हतं. म्हटलं झालं, अॅक्सेसरीवाल्याने कव्हर शिवायला चाक उतरवलं आणि चाक शाफ्टवर धरणारा नट तसाच ठेवला. त्या न बघितलेल्या माणसाला मी बारक्यासमोर दहा मिनिटं शिव्या दिल्या. (बारक्या म्हणजे माझ्याकडे कामाला असलेला पोरगा, बारीक अजिबात नाहीये.)

नटापर्यंत जायचं तर आधी एअरबॅग काढावी लागते आणि तिथे मी घाई करत नाही. टायर सरळ, चावी बंद करून बाहेर, मग बॅटरीची निगेटिव्ह उतरवायची आणि थांबायचं. हे थांबणंच कोणाला जमत नाही. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून त्यात चार्ज साठवलेला असतो, तो उतरायला वेळ लागतो. कंपन्या एक मिनिट, तीन मिनिटं असं काहीबाही लिहितात, मी दहा धरतो, चहा मागवायचा, प्यायचा, ग्लास परत द्यायचा, झाली दहा. मग बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, अंगातली स्टॅटिक जावी म्हणून. या गाडीला चाकाच्या मागे तीन भोकं आहेत, आत स्प्रिंगची तार असते, स्क्रूड्रायव्हरने ती दाबली की एअरबॅगचा पॅड एकेका बाजूने सुटतो. पॅड थोडा उचलून मागचा पिवळा कपलर (वायरींचा जोड), त्याचं बारीक लॉक आधी वर उचलायचं, मग कपलर ओढायचा, वायर धरून ओढायचं नाही. या कपलरच्या आत एक पत्ती असते, कपलर निघाला की ती दोन्ही पिना आपोआप शॉर्ट करते, म्हणजे चुकून करंट लागून बॅग पेटणार नाही. ज्याने कोणी हे डोकं लावलं त्याला माझा नमस्कार.

काढलेली बॅग नेताना लोगोची बाजू आपल्या अंगापासून लांब ठेवायची, आणि टेबलावर ठेवताना लोगो वर. उलटी ठेवली आणि उडाली तर अख्खी बॅगच रॉकेटसारखी छताला जाते. सव्वा अँपिअरच्या आसपास करंट, तोही दोन मिलिसेकंद, एवढ्यात काम होतं, म्हणून तिला टेस्ट लॅम्प लावणारे मिस्त्री बघितले की हात जोडावेसे वाटतात. पूर्ण फुगायला तीसेक मिलिसेकंद, पापणी लवायला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो.

तर बॅग टेबलावर गेली. मी 17 ची गोटी (सॉकेट) नटावर बसवली, रॅचेट अजून डाव्या हातातच होतं, आणि नुसत्या गोटीबरोबर नट फिरला. दोन बोटांनी काढला मी तो. नेहमी आम्ही नट पूर्ण काढत नाही, चार आटे ठेवूनच चाक ओढतो, नाहीतर झटक्यात सुटून तोंडावर येतं. इथे ओढायचं कामच पडलं नाही, चाक आपणहून हातात आलं. आतल्या दात्यांवर काळपट पावडर होती आणि चाकाच्या बाजूचे दाते घासून चकचकीत झालेले. शाफ्टचे मात्र ठीक होते.

आणि मग मला ती रेघ दिसली. शाफ्ट आणि चाकाचा मधला भाग यांच्यावर मिळून एक गडद लाल रेघ, बायकोच्या नेलपॉलिशची. चाक काढताना मीच मारतो, परत बसवताना एक दाताही इकडेतिकडे होऊ नये म्हणून. माझी दुसरी सवय अशी की टॉर्क पान्याने (ठरलेला जोर लागला की तो कट्ट वाजतो) नट आवळला, कट्ट झालं, की लगेच नट आणि शाफ्टवर मिळून दुसरी रेघ. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. कव्हरवाल्याने उघडून परत लावला असता तर नटावरची माझी रेघ तुटलेली असती. इथे नट कोरा होता. म्हणजे तो आवळलाच गेला नव्हता, आणि ते जुलैपासून.

बारक्या शेजारीच उभा होता, त्याला पण कळलं. दोघं काही बोललो नाही.

जुलैचा तो दिवस मी किती वेळा आठवला असेल. बारक्याने मोबाइलवर कुठेतरी खुर्चीखाली एअरबॅग फोडल्याचे व्हिडिओ बघितले होते, तो बॅगला हात लावायला तयार नव्हता, तर मी तासभर त्याची शाळा घेतली, कपलर दाखवला, पत्ती दाखवली. नवीन क्लॉक स्प्रिंग मधोमध आणणं दाखवलं, आत चपटी पट्टी गुंडाळलेली असते, एका टोकापर्यंत फिरवून ठराविक फेऱ्या मागे यायचं आणि बाण जुळवायचे, चुकलं तर पहिल्याच पूर्ण वळणाला पट्टी तुटते. चाक बसवलं, नट हाताने फिरवला, कारण आधी चाक सरळ दिसतंय का बघायचं असतं. मग पाऊस आला, लाईट गेली, सरांचा फोन की शाळेत निघायचंय. त्यानंतर मला आठवतं ते थेट बारक्या बॅग बसवतोय आणि मी शाब्बास म्हणतोय. मधलं काहीच आठवत नाही. बारक्या म्हणतो, "उस्ताद, मला वाटलं तुम्ही आवळला." मला वाटलं असेल त्याने आवळला. टॉर्क पाना त्या दिवशी पेटीतून बाहेर आला होता का, तेही नक्की नाही.

सरांना सांगितलं. नाही सांगितलं असतं तर चाललं असतं, कव्हरवाला तयार होताच बकरा. सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "मागच्या सीटवर नात होती." एवढंच. मी म्हटलं नवीन चाक, नवीन नट, पैसे नाही घेणार. त्यावरही काही नाही.

चाक संध्याकाळी द्वारका चौकातल्या दुकानातून आलं, तिथल्या ट्रॅफिकमधून आणायला बारक्याला दीड तास लागला. छोट्या गाड्यांना तीस ते पन्नास न्यूटन मीटरच्या आत आवळतात, या गाडीचा आकडा बघून लावला, कट्ट आवाज आला, परत एकदा लावला, परत कट्ट. रेघ मारली. बॅग लावायच्या आधी सरांना बोलावलं, म्हटलं बघून घ्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं आणि बोट लावलं. पॉलिश वाळलं नव्हतं, रेघ फरपटली, बोट लाल झालं. ते रुमालाने पुसलं त्यांनी. मी पुसून परत मारली, वाळेपर्यंत दोघं गप्प बसून होतो. नंतर बॅग लावली, बॅटरी जोडली, दिवा पेटून विझला. सर गेले. अजून आलेले नाहीत, सर्व्हिसिंगची तारीख होऊन गेली.

भाच्याला सांगितलं तर त्याने समजूत काढायला शोधून दाखवलं की 2018 साली अमेरिकेत फोर्डने स्टिअरिंगचा बोल्ट सैल होतो म्हणून तेरा लाखांवर गाड्या परत बोलावल्या होत्या. म्हटलं त्यांना बोलवायला ऑफिस आहे, माझ्याकडे वही आहे.

वही काढली. वर्षभरात मी चाक उतरवलेल्या सात गाड्या निघाल्या. एकेकाला फोन केला, फुकट बघून देतो म्हटलं. फुकट म्हटलं की लोकांना जास्त संशय येतो, एक जण म्हणाला चालतीये ना गाडी, मग कशाला उकरताय, त्याच्या घरी जाऊन अंगणात बघितली. प्रत्येक वेळी तेच, निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा. सहा गाड्या झाल्या, सहाही नटांवर रेघ आहे, अखंड. सातवी मालकाने दिवाळीआधी विकली, मालेगावला गेली म्हणतो, एजंटमार्फत. एजंट फोन उचलत नाही.