पिस्तुलाची नळी गंजली तेव्हाची गोष्ट

२०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता लागली अन् नेहमीसारखं आपलं लायसनचं ३२ बोअरचं पिस्तूल ठाण्यात जमा केलं. चामड्याच्या कव्हरसकट केलं, माती खाल्ली ती इथंच. निकाल ४ जूनला लागला पण पेरणीच्या धावपळीत मला ते आणायला जुलै उजाडला, सोयाबीनची पहिली डवरणी चालू होती. चामडं ओल धरून बसतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन पाहतो तर कव्हरच्या बटणाखाली रुपयाएवढा लाल डाग, अन् टॉर्च मारली तर नळीच्या आतल्या पेचदार खाचांत चहापत्ती सांडल्यासारखं दिसलं.

मी घाई केली. डागावर काचपेपर घासला, डाग गेला पण काळा मुलामाही गेला अन् आठ दिवसांत तिथंच परत गंज. शेवटी गावातल्या रिटायर फौजी काकाजींकडे गेलो.

"तेल कोणतं लावत होता बाप्पा?"

"खोबरेल."

"ते डोक्याले लाव! हिवाळ्यात गोठते अन् मंग चिकट होऊन धूळ धरते."

त्यांच्या छपरीत बसलो. राउंड म्हणजे गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवल्या, गोळ्या भरायचं मॅगझिन काढलं, नळीच्या मागं गोळी बसते ते चेंबर दोनदा पाहिलं, ते स्वतः पाहिल्याशिवाय हात लावू देत नव्हते. नळी वेगळी करून आत बंदुकीचं पातळ तेल सोडलं अन् रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पितळी ब्रश, तोही चेंबरकडून घालून तोंडातून पार बाहेर काढायचा, मधेच उलटा ओढला की केस मोडतात. तोंडाकडून रॉड घालायचा नाही कारण गोळी शेवटी जिथून सुटते ती कड घासली की नेम गेलाच समजा, अन् हे मी चार वर्षं करत होतो! मग जुन्या बनियनच्या चिंध्या. पहिली विटकरी निघाली, दुसरी काळी, तेरावी कुठं पांढरी आली. दोन बारीक खड्डे मात्र राहिले, गंजानं खाल्लेलं लोखंड काही परत येत नाही.

शेवटी तेलाचा पातळ हात, बस. थबथबवायचं नाही, राउंडला तर लावायचंच नाही, बुडातली ठिणगी पाडणारी टोपी भिजली की फुसका निघू शकतो.

पुढच्या वेळी नेमबाजीच्या रेंजवर नळीत तेल तसंच ठेवून पहिली गोळी मारली, ती कागदाच्या कोपऱ्यात. काकाजी काही बोलले नाहीत, खिशातून कोरडी चिंधी काढून दिली फक्त. त्यानंतरच्या पाच गोळ्या १० मीटरवरून चहाच्या बशीत बसतील एवढ्यात लागल्या, आधी त्याच ताटभर पसरायच्या.

ऑक्टोबरात विधानसभेसाठी परत जमा करायची वेळ आली. यावेळी कव्हर घरीच ठेवलं, पिस्तूल तेलाच्या फडक्यात गुंडाळून वर ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. हवालदारसाहेबांनी ते उघडलं, बोटं फडक्यालाच पुसली अन् म्हणाले, "काय भाऊ, भजी तळून आणली काय?"