खोडरबराचा सिग्नल मिळेपर्यंत

एनएमआर म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनांना रेडिओ लहरींनी हलवून त्यांचा बारीक सिग्नल ऐकणं. मोठ्या एनएमआर यंत्रात नमुना चुंबकाच्या पोटात जातो. आमच्या यंत्रात सगळं उलटं: डब्याएवढा चुंबक भिंतीला टेकवायचा आणि बाहेरच्या पातळ थरातल्या प्रोटॉनांचा आवाज ऐकायचा. आखेनच्या गटाने 1996 मध्ये 'एनएमआर-माऊस' मांडला, त्याच जातीचं. प्लास्टरमध्ये ओल किती खोल गेली आहे, ते मला बघायचं होतं. जोडणी अर्ध्या दिवसात झाली. पहिली मोजणी लावली, तर पडद्यावर नुसतं गवत, म्हणजे सिग्नल बुडवणारा गोंगाट.

पुढचे पाच दिवस ते गवत उपटण्यात गेले. मॅन्युअलमध्ये एकच ओळ: बाह्य गोंगाट टाळावा. कसा, ते गुलदस्त्यात. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, 'अ‍ॅव्हरेजिंग वाढवा,' म्हणजे तीच मोजणी पुन्हापुन्हा करून सरासरी घ्या. 64 स्कॅनचे 1024 केले. सुधारणा वर्गमुळाच्या हिशोबाने होते, म्हणजे सोळापट वेळ घालवून फायदा चौपट. गवत थोडं खुजं झालं, सिग्नल काही दिसेना.

चौथ्या दिवशी वैतागून कॉइल (सिग्नल पकडणारं तारेचं वेटोळं) काढली आणि तिच्या जागी 50 ओहमचा लोड, म्हणजे साधा रोधक, लावला. गोंगाट गायब! म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स ठीक होतं, घाण कॉइलमधून येत होती. येणारच. कॉइल उघडी, आसपास मोठ्या यंत्रासारखी चुंबकाच्या नळीची भिंत नाही, त्यामुळे ती 18 मेगाहर्ट्झची झकास अँटेना बनते. कॉइल परत लावून, पल्स (प्रोटॉनांना हलवणारे रेडिओचे झटके) बंद ठेवून नुसतं ऐकत बसलो आणि खोलीतले प्लग एकेक करून काढले. शेवटी गुन्हेगार निघाला माझ्याच लॅपटॉपचा चार्जर. बॅटरीवर चालवताच गवत आधीच्या पाव हिश्श्याच्याही खाली आलं. उरलेलं एलईडी दिव्यांचं होतं.

आधी अॅल्युमिनियम फॉइल थेट कॉइलभोवती गुंडाळून बसलो होतो. तसं करू नका, ट्यूनिंग बिघडतं आणि सिग्नलही जातो. तांब्याची जाळी वीतभर लांब ठेवून ग्राउंडला जोडा.

हो, आणि पहिली चाचणी भिंतीवर नको, खोडरबरावर घ्या. त्यात प्रोटॉन भरपूर आणि ते वाळत नाही. सहाव्या दिवशी त्याचे इको (पल्सनंतर प्रोटॉनांकडून परत येणारे सिग्नल) ओळीने उतरताना दिसले, तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

चुंबकाला खोलीच्या तापमानाला रुळू द्या. निओडिमियमचं क्षेत्र अंशागणिक सुमारे 0.1 टक्का घटतं, म्हणजे 18 किलोहर्ट्झची सरक, आणि मोजला जाणारा थरही हलतो. भिंतीत लोखंडी सळई असेल तर ती जागा सोडा. पेसमेकर असलेल्यांना लांबच ठेवा.

भिंतीची मोजणी मग सुरळीत झाली. मोठ्या छिद्रांतल्या पाण्याचा सिग्नल सावकाश विझतो, बारीक छिद्रांतल्याचा पटकन, तेही दिसलं. चार्जर आता शेजारच्या खोलीत असतो. बॅटरी दोन तास टिकते, एका जागेची मोजणी पावणेदोन तासांत होते.