मार्कर वाढलाय

सीटी स्कॅनच्या टेबलावर बाई पेशंट घेण्याआधी मी तीन गोष्टी बघते: क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), उपाशीपोट आणि पाळीची तारीख. पहिल्या दोन आमच्याकडे सगळेच बघतात. तिसरीच्या जागी माझे सहकारी ‘लग्न झालंय का?’ विचारतात आणि ‘नाही’ आलं की पुढे सरकतात. भिंतीवर पाटी आहेच, ‘गरोदर असल्यास आधी सांगा.’ जिला स्वतःलाच माहीत नाही, तिने काय सांगायचं?

वाशीच्या आमच्या सेंटरवर घणसोलीची एक मुलगी आली. सव्विशीची. सोबत सासूबाई, हिची पर्सही त्यांच्याच मांडीवर. चिठ्ठीवर होतं: डिसजर्मिनोमा, उजवी ओव्हरी काढलेली, बीईपीच्या तीन सायकल पूर्ण, बीटा एचसीजी वाढलेलं, रिकरन्स?, पोट आणि पेल्व्हिसचा सीटी, कॉन्ट्रास्टसह, तातडीने. म्हणजे ओव्हरीचा (अंडाशयाचा) कॅन्सर, ऑपरेशन आणि बीईपी नावाची केमो झालेली, आणि आता रक्तातला मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण, वाढल्याने तो परत आलाय का ही शंका.

केमो झालेला हात लगेच ओळखू येतो. शिरा दिसतात, पण सुई घेत नाहीत. घाईने टोचलं की शीर फुटते आणि दाबाने सोडलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो उठून दिसायला शिरेतून देतात ते औषध, कातडीखाली जाऊन हात टरारून सुजतो. म्हणून मी गरम पाण्याची पिशवी ठेवते, मूठ उघडमीट करायला लावते आणि तेवढ्या वेळात बोलून घेते. औषध गेलं की अंग तापेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, होत नाही, घाबरू नकोस. मग तारीख.

“आठवत नाही, ताई. केमोनंतर मागेपुढेच होते.”

“संबंध येतात?”

तिने दाराकडे बघितलं. दार शिशाचं, बाहेर काही ऐकू जात नाही. “कधीतरी. खूप दुखतं.”

“काही वापरता?”

“कशाला? मला आता कुठे होणारे.”

असं तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. होऊ शकतं, हेही कोणी सांगितलं नव्हतं. एक ओव्हरी आणि गर्भपिशवी ठेवली होती ती नेमकी त्याचसाठी. तरुण मुलींमधल्या या गाठीत आजार एकाच बाजूला असेल तर तसंच करतात आणि बीईपीनंतर बहुतेकींची पाळी परत येते. ऑपरेशनच्या वेळी घरच्यांना म्हणे एवढंच सांगितलं होतं, ‘आधी जीव, मग बाकीचं.’ ते ‘बाकीचं’ पुढे कुणी काढलंच नाही.

मी रिपोर्ट परत बघितला. एएफपी हा आणखी एक मार्कर, तो ठीक. एलडीएच, म्हणजे या गाठीचा नेहमीचा मार्कर, जागच्या जागी. हललं होतं फक्त बीटा एचसीजी. काही गाठी ते बनवतात हे खरं, पण मेडिकलमध्ये मिळणारी प्रेग्नन्सीची पट्टी तेच तर शोधते! गरम पाण्याची पिशवी बाजूला ठेवली आणि तिला लघवीची बाटली दिली. दोन रेषा, दोन्ही ठसठशीत.

आता सोनोग्राफी. आणि गरोदर बाईची सोनोग्राफी म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखालचा एफ फॉर्म: आधार कार्ड, हयात मुलं किती, मुलगे किती, मुली किती, ‘लिंग जाणून घ्यायचं नाही’ यावर सही. कायदा हवाच, पण आधार कार्ड सासूबाईंच्या मांडीवरच्या पर्समध्ये. “सीटीला आधार कशाला?” त्यांनी विचारलं. नवीन नियम आहे, मावशी, म्हटलं. सुनेच्या आधी सासूला कळवायचं माझ्या कामात बसत नाही. त्यांना ‘गाठ काढली’ एवढंच माहीत होतं की जास्त, हे मला आजही ठाऊक नाही.

सोनोग्राफी ‘आतून’, योनीतून करायची म्हटल्यावर तिने गुडघे आवळले. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी प्रोब बाजूला ठेवला, तिला पाणी पाजलं आणि थांबून पोटावरून बघितलं. एवढा धीर फार थोड्यांना असतो. गर्भ पिशवीतच होता, ठोके होते, डावी ओव्हरी स्वच्छ. ती हसली नाही. म्हणाली, “केमोचं औषध त्याला लागेल?” केमो संपून दोन वर्षं झाली, आता त्याची भीती नाही, मॅडम म्हणाल्या.

मग मॅडमनी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा पहिला प्रश्न: “लग्न झालंय तिचं?” त्यांच्या फाइलवर ‘अविवाहित’ होतं. दर तीन महिन्यांनी मार्कर काढले, पण तो रकाना कुणी बदलला नाही. आणि लग्न झालं नसतं तर विचारायचंच नव्हतं का?

खरं सांगायचं तर एका सीटीने गर्भ बिघडतोच असं नाही. पेल्व्हिसच्या एका स्कॅनमध्ये गर्भाला मिळणारा किरणांचा डोस सहसा पन्नास मिलिग्रेच्या आत असतो आणि त्याखाली व्यंग आल्याचा पुरावा नाही. मला भीती त्यानंतरची वाटते. महिन्याने गर्भ कळला असता आणि कुणीतरी ‘रेडिएशन झालंय, पाडून टाका’ म्हणून मोकळं झालं असतं. त्या दिवशी माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर, हे अजून डोक्यातून जात नाही.

दुखण्याबद्दल मॅडमच बोलल्या. ऑपरेशन, केमो, मग भीती. अंग आवळलं की दुखतं आणि दुखलं की आणखी आवळतं. यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम असतात, शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, ल्युब्रिकंट मिळतं. आधी गायनॅकला दाखव, त्यांना हे सगळं सांग. “हे डॉक्टरला सांगायचं असतं?” तिने विचारलं.

परवा ती पुढच्या सोनोग्राफीला आली. बाळंत होऊन उतरेपर्यंत बीटा एचसीजी मार्कर म्हणून कामाचं नाही, गरोदरपणात एएफपीही वाढतं, त्यामुळे आता भिस्त एलडीएच आणि सोनोग्राफीवर. हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर नावापुढे ‘विवाहित’ आलंय. दुखण्याची ओळ नाही. मी विचारलं तर म्हणाली, “डॉक्टरांनी विचारलं नाही, ताई.”