दारात जाऊन बघते हं

ट्यूबलाइटखाली टपाल तिकिटाचा रंग ठरवणाऱ्या माणसावर माझा अजिबात विश्वास नाही, मग तो कितीही मोठा संग्राहक असो. रंग बघायचा तर दिवसाउजेडी, खिडकीशी, पण थेट ऊन नको, खाली साधा करडा कागद, आणि अंगात भडक कुर्ता तर नकोच, त्याची झाक पडते. नवरा म्हणतो पूर्वी मुलगी बघायला यायचे ते लोकही एवढं बघत नसत. म्हणू दे.

परवा दुपारी लाइट गेले, काही सुचेना म्हणून जुना बिस्किटांचा डबा घेऊन खिडकीत बसले आणि पाच पैशांची दोन तिकिटं शेजारी शेजारी आली. कुटुंब नियोजनाचं ते लाल हो, आमच्या पिढीने चाटून चाटून चिकटवलेलं. इतकी वर्षं एकाच पाकिटात होती, आणि त्या दिवशी दिसलं की एक सरळ लाल आहे आणि दुसऱ्यात राणी कलर डोकावतोय. नवऱ्याला हाक मारली. "सारखीच तर आहेत," तो म्हणाला आणि आत गेला. आता काय बोलायचं! ही रोजच्या वापरातली तिकिटं नाशिक रोडच्या छापखान्यात वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली जायची, दर वेळी शाई नव्याने कालवलेली, कागदाचा गठ्ठा वेगळा, मग शेड हलणार नाही तर काय. उलट सगळी एकसारखी निघाली असती तर मला संशय आला असता.

ही खोड आईची. लक्ष्मी रोडला मॅचिंगच्या दुकानात आईबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. साडी पिशवीतून पदरापुरती बाहेर, काउंटरवर आठ-दहा ब्लाउजपीस उलगडलेले, दुकानदार शपथेवर सांगतोय की ताई हाच, डोळे मिटून घ्या, आणि आई "दारात जाऊन बघते हं" म्हणून पदर आणि कापड दोन्ही घेऊन थेट फुटपाथवर. रस्त्यावरची माणसं वळसा घालून जातायत, मी लाजेने खांबामागे, आणि ती कापड एकदा उभं एकदा आडवं धरून बघतेय. मग आत येऊन निकाल, "यात पिवळा जास्त आहे." दुकानदाराचा चेहरा मला अजून आठवतो. आणि तिचं बरोबर असायचं हा खरा त्रास!

आता मी तेच करते, फक्त कापड दोन सेंटिमीटरचं. स्टॅन्ली गिबन्स या विलायती तिकीट कंपनीची २०० रंगांची पट्टी मिळते, प्रत्येक रंगाला मधे भोक, भोकाखाली तिकीट सरकवायचं आणि जुळतंय का बघायचं. माझ्याकडे आहे ती, पण अल्बममध्ये पेन्सिलीने लिहिताना हात आपसूक आमसुली, विटकरी, अबोली, डाळिंबी असंच लिहितो. कुणाला विकायचेत थोडेच.

दादाला यातलं काही कळायचं नाही, पण धंदा कळायचा. आम्ही पाकिटाचे तुकडे परातीत भिजत घालायचो, गोंद सुटला की तिकिटं ताटावर पालथी वाळत. एकदा त्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं लालभडक पाकीट गेलं आणि त्याचा रंग सुटून परातभर सरबत. झाडून सगळी तिकिटं गुलाबी! मी रडायला बसले, दादाने ती शाळेत नेली, "छापताना चूक झालेली" म्हणून गोट्यांच्या बदल्यात खपवली आणि वर दोन ऑर्डरी घेऊन आला.

तरी खऱ्या चुका किती सुंदर असतात. १९४९च्या १५ ऑगस्टला ती मंदिरं-लेण्यांची मालिका निघाली, अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, घारापुरीची त्रिमूर्ती, आपलं सगळं वैभव. त्यातलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं चित्रच उलटं छापलं, आरशात बघावं तसं. म्हणजे हाताची बाजूच बदलली की देवाच्या. १९५० मध्ये सरळ करून पुन्हा काढलं. रंग जवळपास तोच, किंमत तीच, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय पटकन लक्षात येत नाही, आणि एकदा आलं की दुसरं काही दिसत नाही. मला पहिलाच जास्त आवडतो, का ते विचारू नका.

त्याही मागे १८५४ साली कलकत्त्याला अर्ध्या आण्याचं तिकीट आधी लाल छापायला घेतलं होतं. विलायतेहून आलेली लाल शाई संपली आणि मग निळं काढलं. ते लाल कधी विक्रीला आलंच नाही, आणि आज ते ओळखायला त्याच्या चौकटीतल्या साडेनऊ कमानी मोजत लोक भिंग घेऊन बसतात. म्हणजे शाईचा डबा संपला म्हणून देशभर चालणारं पहिलं तिकीट निळं. आमच्या घरात साखर संपल्यावर गुळाचा चहा व्हायचा, तसंच काहीसं.

१९७१ची तर गोष्टच वेगळी. बांगलादेशातून निर्वासित आले तेव्हा पत्राला पाच पैसे जादा लागायचे, त्यासाठी याच पाच पैशांच्या लाल तिकिटावर काळ्यात 'रेफ्युजी रिलीफ' छापलं. घाई एवढी की काही ठिकाणी तिथल्या तिथेच छापून घेतलं, त्यामुळे अक्षरं कुठे जाड कुठे बारीक. लहानपणी मी ती नुसती चिकटवायचे. आता तीच अक्षरं भिंगाखाली तपासताना मनात येतं की एवढी माणसं घरदार सोडून आली आणि मी जाड-बारीक बघत बसलेय. पण बघते.

फसवणारे रंगही असतात. हिरवं तिकीट उन्हात राहिलं की त्यातला पिवळा उडून ते निळं दिसायला लागतं, काही नारिंगी शाया हवेतल्या गंधकाने तपकिरी पडतात, आणि नवशिके ते दुर्मिळ म्हणून मिरवतात. त्यांना मी सरळ सांगते, छापखान्यात झालं ते व्हरायटी, खिडकीत झालं ते नुकसान.

हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. आणि मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवतं. पट्टी निघाल्यावर ती कपाटाशी उभी राहिली आणि म्हणाली, अगं ही तर निळी आहे. कितीतरी वर्षं ती साडी राखाडी म्हणून नेसत होती, ब्लाउजही राखाडीच घेतला होता, फुटपाथवर उभं राहून बघून! वयाबरोबर डोळ्यातली भिंगच पिवळी पडते आणि निळा आधी जातो, डॉक्टरांनी समजावलं होतं.

परवाच्या त्या दोन तिकिटांखाली मी पेन्सिलीने 'लाल' आणि 'राणीकडे झुकणारा' असं लिहून ठेवलंय. माझ्याही उजव्या डोळ्यात सुरुवात आहे म्हणे, पण अजून घाई नाही.