आमची वाटचाल : शूटिंगचा कपडेपट आणि प्रॉपर्टी (तलवारी वगैरे सामान)

आम्ही चार मित्र कोल्हापुरात शॉर्टफिल्म करायचो, स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि एक कॅमेरा, कपडे ज्याच्या त्याच्या घरचे. मुंबईहून ड्रेस मागवायचे तर भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, शेवटी आईच म्हणाली, मी शिवते की.

पहिलं ऐतिहासिक काम मिळालं आणि तिथंच आपटलो. ४० मावळ्यांचे अंगरखे शिवून, धुऊन, कडक इस्त्री करून नेले आणि मॉनिटरवर बघतो तर सगळे गॅदरिंगला उभे राहिल्यासारखे! डोंगरात राहणाऱ्या माणसाचा अंगरखा असा असतो होय? त्या रात्री अंगणात चूल मांडली, पातेल्यात चहापावडर उकळून अंगरखे बुडवले, कोपरावर काचकागद घासला, बाहीच्या कडा ब्लेडनं उसवल्या आणि ओलसर असतानाच लाल मातीत लोळवले. आई सांगत होती, घाम पाठीवर आणि काखेत येतो रे, सगळीकडं सारखा डाग नको. तेव्हापासून आमचं काम शिवायचं कमी आणि कपडा जुना करायचं जास्त.

तलवारी आधी पत्र्याच्या होत्या, एका पोराच्या हाताला लागलं तेव्हापासून मारामारीला फक्त रबरी, साच्यातून काढलेल्या, आत फायबरची काडी. क्लोजअपला मात्र धातूचीच लागते, पातं वळलं की जो उजेड लकाकतो तो चंदेरी रंगात येत नाही.

कोल्हापूरचा मोठा आधार झाला. इथंच मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, कॅमेरासुद्धा इथंच बनवला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली, पण कारागीर आहेत अजून, साज गुजरीत होतो, चपला चप्पल लाइनला, साच्यासाठी मातीचं मॉडेल कुंभार गल्लीत.

आता मोठा गाळा घेतलाय, सहा जण आहोत, प्रत्येक ड्रेसला नंबर आणि फोटो, कुठल्या सीनला किती मळलेला होता ते सगळं रजिस्टरला. मागच्या महिन्यात शेजारच्या आजींनी ट्रंकेतलं इरकली लुगडं आणून दिलं, घडीवर पार विरलंय. ते कुणाला नेसवायचं नाही असं आईनं बजावलंय, तसंच नवीन विणून घ्यायचं. इचलकरंजीत बहुतेक पॉवरलूम, म्हणून पुढच्या आठवड्यात लुगडं घेऊन आम्ही दोघं कर्नाटकात, इरकलीच्या मूळ गावी इलकलला जाणार आहोत.